तितेपातीची ओळख

बँकेत खाते उघडताना पूर्वी 'ओळख' लागत असे. शाखेच्या एखाद्या जुन्या खातेदाराने अर्जावर सही करून, या गृहस्थांना मी इतकी वर्षे ओळखतो, असे लिहून द्यावयाचे. आता त्या जागी छायाचित्रे, ओळखपत्रे आणि पत्त्याचे पुरावे आले आहेत. ग्राहकांना या कागदपत्रांचा कंटाळा येतो, हे आम्हा काउंटरमागच्या मंडळींना चांगले ठाऊक असते. परंतु एकाच शाखेत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे चार-चार खातेदार असतात. नमुना सही पडताळल्यावाचून एकाची रक्कम दुसऱ्याच्या हातावर पडली, तर काय होते, ते सांगावयास नको. झाडाझुडपांच्या बाबतीतही अशी चूक होऊ शकते. ती मी स्वतः केली आहे. हा लेख त्या चुकीविषयी, आणि ज्या रानटी झुडपामुळे ती घडली त्याविषयी आहे.

अधिकारी म्हणून माझी पहिली स्वतंत्र नेमणूक झाली ती कालिम्पाँगला. कालिम्पाँग त्या वेळी दार्जिलिंग जिल्ह्यात होते. २०१७ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेबाराशे मीटर उंचीवरचे हे गाव. खाली तीस्ता नदी, समोर ढग नसतील त्या दिवशी कांचनजंगा. कोल्हापुरात वाढलेल्या मला तेथील डोंगर, भाषा, जेवण सारेच नवखे होते. शाखेतील दफ्तरी पन्नाशी उलटलेले, शांत स्वभावाचे नेपाळीभाषक गृहस्थ होते. सगळे त्यांना 'दाजू' म्हणत. दाजू म्हणजे थोरला भाऊ. मीही त्यांना दाजूच म्हणू लागले. ते मला 'म्याडम' म्हणत आणि लेकीसारखे सांभाळत.

एकदा कर्जवसुलीच्या निमित्ताने आम्ही दोघे एका खेड्यात पायी निघालो होतो. वाटेत रोखपालांच्या दूरध्वनीला उत्तर देत असताना माझ्या नाकातून एकाएकी रक्त येऊ लागले. दाजूंनी कडेच्या झुडपाची चार पाने तोडली, तळहातावर चुरडली, त्यांची गोळी केली आणि नाकपुडीशी धरावयास सांगितले. रक्त थांबले. ते पानामुळे थांबले की माझे मी थांबले, याविषयी मी आज काही म्हणणार नाही. मात्र त्या गोळीचा वास आला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. तो दवण्याचा वास होता! चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालाबरोबर दवणा वाहतात. पंचांगात चैत्र शुद्ध चतुर्दशीला 'दमनक चतुर्दशी' असे नाव आहे, तोच हा दवणा. आजीच्या देवघरातला तो वास हिमालयाच्या पायथ्याशी माझ्या नाकात शिरला होता. फक्त अधिक उग्र, अधिक कडवट आणि किंचित कापरासारखा.

दाजूंनी नाव सांगितले, 'तितेपाती'. 'तितो' म्हणजे कडू, 'पाती' म्हणजे पाने.

त्या दिवसानंतर ही तितेपाती मला सर्वत्र दिसू लागली. रस्त्याच्या कडेला, पडीक शेतात, शाळेच्या कुंपणाशी. दरड कोसळून उघड्या पडलेल्या मातीवर जी झाडे प्रथम उगवतात त्यांत तिचा नंबर वरचा. माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंत, क्वचित त्याहूनही उंच वाढणारे हे बहुवर्षायू झुडूप. जमिनीखालच्या आडव्या खोडांतून ते पसरत जाते, त्यामुळे वर कितीही कापले तरी फिरून फुटते. पाने खोलवर चिरलेली, वरून हिरवी आणि खालून राखी-पांढऱ्या लवेने मढलेली. वारा सुटला की सारा उतार क्षणात हिरवा, क्षणात रुपेरी दिसतो. पावसाळा सरता सरता शेंड्यांवर तपकिरी, बारीक, मण्यांसारखी फुले येतात. त्यांच्याकडे पाहून हे झुडूप सूर्यफुलाचे आणि झेंडूचे भाऊबंद आहे, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. पण आहे ते त्याच कुळातले. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो असतो असंख्य चिमुकल्या फुलांचा गुच्छ. सूर्यफुलाने भोवती पिवळ्या पाकळ्यांची झालर लावली, कारण त्याला कीटकांना बोलवावयाचे असते. तितेपातीला कीटकांची गरज नाही. तिचे पराग वारा वाहून नेतो. जाहिरातीवर खर्च कशाला करावयाचा, असा तिचा हिशेब! (या वाऱ्यावरच्या परागांमुळे काहींना फुलोऱ्याच्या दिवसांत शिंका व दम्याचा त्रास होतो, तो भाग वेगळा.)

डोंगरी घरांत तिचे उपयोग अनेक. वाळलेला पाला जाळून डासांना धूर देतात, खरजेवर पानांच्या काढ्याने आंघोळ घालतात, देवपूजेत ती ठेवतात. गढवालमध्ये हिलाच 'कुणजा' म्हणतात व तेथेही ती देवाला वाहतात. आपल्या सह्याद्रीतही ती आहे; महाबळेश्वरच्या बाजूला उंचावर आढळते आणि मराठीत तिला 'ढोरदवणा' असे काहीसे उपेक्षेचे नाव आहे. तिच्या शास्त्रीय नावात मात्र नीलगिरी पर्वत आहे : आर्टेमिसिया निलागिरिका. जुन्या भारतीय ग्रंथांत तिची नोंद युरोपातील एका बहिणीच्या, आर्टेमिसिया वल्गॅरिसच्या नावावर केलेली सापडते. म्हणजे चुकीच्या खात्यावर नोंद होणे हे तिच्या नशिबी आरंभापासूनच होते.

हे 'आर्टेमिसिया' नाव मला एका रोपवाटिकेच्या मालकाकडून कळले होते. कालिम्पाँग फुलांच्या रोपवाटिकांसाठी नावाजलेले आहे, आणि कर्जप्रकरणाच्या पाहणीला गेले असता त्यांनी बांधावरचे झुडूप दाखवून ते सहज सांगितले होते. पुढचा 'निलागिरिका' हा शब्द मी लक्षात ठेवला नाही. शास्त्रीय नावात पहिला शब्द आडनावासारखा असतो, आणि दुसरा व्यक्तीच्या नावासारखा. मी केवळ आडनाव लक्षात ठेवले.

५ ऑक्टोबर २०१५ रोजी वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्यातील अर्धा वाटा चीनच्या तू योउयोउ या विदुषींना, मलेरियावरील औषधाच्या शोधाबद्दल मिळाला. दुसऱ्या दिवशी शाखेत आलेल्या वर्तमानपत्रात मी वाचले की, हे औषध 'आर्टेमिसिया' नामक वनस्पतीपासून काढलेले आहे. मी आनंदाने खुर्चीवरून उठलेच. "दाजू, तुमच्या तितेपातीला नोबेल मिळाले!" असे मी सर्वांसमक्ष सांगितले, आणि बातमीचा अर्थही त्यांना समजावून दिला. दाजूंचा चेहरा फुलला. संध्याकाळपर्यंत ही वार्ता अर्ध्या बाजारात पोहोचली होती.

त्या महिन्याच्या अखेरीस दशैं, म्हणजे आपला दसरा होता. थोरल्या बहिणीच्या हातून टिका लावून घेण्यासाठी दाजू खाली डुआर्समधील एका चहामळ्यात गेले आणि तीन-चार रात्री राहून परतले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी तापासाठी एक दिवसाची रजा घेतली. मग दुसऱ्या दिवसाची. पाचव्या दिवशी रजेच्या अर्जावर सही घेण्यासाठी मी त्यांच्या घरी गेले. दाजू खाटेवर होते, डोळे पिवळे झाले होते. त्यांनी मला ओळखले नाही. तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे दिल्या, असे ते पुनःपुन्हा विचारत होते. चुलीवर पातेले होते आणि घरभर तोच वास. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ ते तितेपातीचा काढा घेत होते. त्यांच्या पत्नीने दवाखान्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी सांगितले होते की हे मलेरियाचेच औषध आहे. म्याडमनी पेपरात वाचले आहे.

तीस्तेच्या काठाकाठाने आम्ही त्यांना सिलिगुडीस नेले. त्या वाटेवर दोन्ही बाजूंच्या दरडींवर तितेपाती फुललेली होती. मी खिडकीबाहेर पाहिले नाही. रक्ततपासणीत प्लाझमोडियम फॅल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार निघाला. वेळीच उपचार न मिळाल्यास तो मेंदू व मूत्रपिंडे यांपर्यंत पोहोचतो, आणि दाजूंच्या बाबतीत तो त्या मार्गाला लागलाच होता. शिरेतून इंजेक्शने सुरू झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखले व रजेच्या अर्जाची चौकशी केली. इंजेक्शनच्या कुपीवरचे नाव मी वाचले : आर्टेसुनेट. हे कशापासून करतात, असे डॉक्टरांना विचारले, तेव्हा उत्तर आले की तुमच्या त्या नोबेलच्या वनस्पतीपासूनच.

मग तितेपाती काय निराळी होती? होय, निराळीच होती. त्यानंतर कित्येक रात्री मी या विषयावर जे मिळेल ते वाचून काढले.

आर्टेमिसिया या एका आडनावाखाली जगभरात सुमारे पाचशे जाती आहेत. आपला दवणा त्यांतलाच, त्याचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. दक्षिण भारतात त्याची लागवड करून तेल काढतात, ते अत्तरांत वापरले जाते. जपानी लोक ज्या हिरव्या पानांनी तांदळाचे लाडू रंगवतात ती यातलीच एक जात. चिनी वैद्य ज्या पानांवरची लव जाळून शरीराला शेक देतात ती आणखी एक. नोबेल मिळवून देणारी जात आहे आर्टेमिसिया ॲनुआ. तिच्यातील औषधी द्रव्याला आर्टेमिसिनिन म्हणतात. औषध म्हणून उपयोगी पडेल इतके आर्टेमिसिनिन तितेपातीत नसते. तिच्या सुगंधी तेलात कापूर, थुजोन यांसारखी द्रव्ये असतात. त्यांतले थुजोन अधिक प्रमाणात विषारी आहे, आणि म्हणून गरोदर स्त्रियांनी तर ही पाने पोटात मुळीच घेऊ नयेत. वास सारखा म्हणून गुण सारखा, ही समजूत किती पोकळ आहे ते यावरून कळते. वास देणारी द्रव्ये वेगळी आणि मलेरियाचा परजीवी मारणारे द्रव्य वेगळे.

विशेष म्हणजे ओळखीचा हाच घोटाळा चीनमध्येही होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात मलेरियाने सैनिक हैराण झाले, तेव्हा २३ मे १९६७ रोजी तेथे एक गुप्त संशोधन प्रकल्प सुरू झाला. त्या तारखेवरूनच त्याला '५२३' हे नाव पडले. तू योउयोउ १९६९ मध्ये त्यात दाखल झाल्या. त्यांच्या गटाने प्राचीन वैद्यकग्रंथांतील दोन हजारांहून अधिक पाठ गोळा केले. त्यांतल्या 'छिंगहाव' नावाच्या वनस्पतीचा अर्क उंदरांच्या मलेरियावर आरंभी चांगला लागू पडला, परंतु पुढच्या प्रयोगांत निष्प्रभ ठरला. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या ग्रंथात त्याचे उत्तर मिळाले. त्याने लिहिले होते की मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवावे, पिळावे आणि तो रस प्यावा. उकळावे, असे त्याने म्हटले नव्हते! उष्णतेने द्रव्य नष्ट होत असावे, हे तूबाईंच्या ध्यानी आले. त्यांनी पाण्याऐवजी सुमारे ३५ अंशांवर उकळणारे ईथर वापरले. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या अर्काने उंदरांतील परजीवी पूर्णपणे नाहीसे झाले. रोग्यांना देण्यापूर्वी १९७२ मध्ये तूबाईंनी व सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला, आणि त्याच वर्षी शुद्ध आर्टेमिसिनिन वेगळे केले. पुढे आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. छिंगहाव या नावाने अनेक जाती ओळखल्या जात होत्या. त्यांपैकी आर्टेमिसिया ॲनुआ हीच खरी. तिचीही केवळ पाने उपयोगाची, आणि तीही फुले येण्यापूर्वी खुडलेली.

आर्टेमिसिनिनच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक पूल असतो. मलेरियाचा परजीवी रक्तातील हिमोग्लोबिन खातो आणि त्यातील लोह मोकळे होते. हे लोह त्या पुलाला भिडले की पूल तुटतो व अतिशय उग्र असे तुकडे तयार होऊन परजीवीचीच प्रथिने नष्ट करतात. परजीवी आपल्या भोजनानेच मरतो. मात्र हे द्रव्य शरीरात काही तासच टिकते. म्हणून त्याच्या जोडीला अधिक काळ टिकणारे दुसरे औषध देतात, आणि तीन दिवसांच्या गोळ्या पुऱ्या करावयाच्या असतात. भारतात फॅल्सिपॅरमसाठी २०१० पासून देशभर हेच संयुक्त औषधोपचाराचे धोरण आहे.

तेव्हा दाजूंच्या पातेल्यात दोन चुका एकदम झाल्या होत्या. झुडूप वेगळे होते. आणि झुडूप बरोबर असते तरी आर्टेमिसिनिन पाण्यात फारसे विरघळत नाही. काढ्यात किती उतरले, हे कोणालाच सांगता येत नाही. अपुऱ्या मात्रेचा आणखी एक धोका असा की, परजीवी पूर्ण मरत नाहीत आणि उरलेले औषधाला सरावतात. कंबोडियाच्या पश्चिम भागात असे सरावलेले परजीवी २००८-०९ च्या सुमारास आढळले, आणि त्यानंतर ते रुआंडा व युगांडातही दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट निवेदन काढून आर्टेमिसियाचा चहा वा पाला मलेरियासाठी वापरण्यास विरोध दर्शविला. तरीही २०२० च्या एप्रिलमध्ये मादागास्करमध्ये याच वनस्पतीचे पेय कोरोनावरील उपाय म्हणून थाटामाटाने बाजारात आले. ती बातमी वाचली तेव्हा मला दाजूंचे पातेले आठवले.

बँकेचा माणूस असल्याने बाजारभावाकडे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. या औषधाची मागणी एकाएकी वाढली तेव्हा, २००५ च्या सुमारास, आर्टेमिसिनिनचा भाव किलोला हजार डॉलरच्या वर गेला. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी झपाट्याने लागवड केली. २००७ पर्यंत भाव दोनशे डॉलरच्या आसपास कोसळला. लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने आपल्या हवामानास मानवणारे 'जीवनरक्षा' व 'सिम-आरोग्य' असे वाण तयार केले आहेत. पण जे ग्राहक औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी कर्जाची विचारणा करतात, त्यांना मी प्रथम खरेदीदाराचा करार दाखवावयास सांगते. पीक चांगले येते की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता या मंडळींची नमुना सही. तितेपातीची पाने खालून लोकरीसारखी पांढरी. झुडूप वर्षानुवर्षे टिकणारे. आर्टेमिसिया ॲनुआ वर्षायू असते. तिची पाने नेच्यासारखी अतिशय बारीक चिरलेली, दोन्हीकडून हिरवी, आणि फुले इवलीशी, पिवळी, खाली झुकलेली. दवणा गुडघ्याएवढा, अंगभर राखी रुपेरी. आणि या तिघांशी कोवळेपणी गोंधळ होऊ शकेल असे चौथे, ज्याची पुण्यात १९५५ मध्ये नोंद झाली व ज्याने पुढे देश व्यापला, ते आपले गाजरगवत. तेही सूर्यफुलाच्याच कुळातले. नेपाळीत त्याला 'पातीझार' म्हणतात, ते पानांच्या याच साधर्म्यामुळे. त्याला पांढरी फुले येतात आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते. ते हातात न घेतलेलेच बरे.

दाजू जवळपास महिन्याने कामावर रुजू झाले. मी क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी विषय बदलला व चहा आणला. पुढच्या वर्षी दशैंला निघण्यापूर्वी त्यांनी मच्छरदाणी विकत घेतली आणि ती मला दाखविली. माझी बदली झाली त्याला आता बरीच वर्षे लोटली. ते सेवानिवृत्त झाले आहेत. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावयाचा असतो, त्या नोव्हेंबर महिन्यात त्यांचा दूरध्वनी न चुकता येतो. डासांना धूर करण्यासाठी ते अजूनही तितेपातीच जाळतात. तेथील सध्याच्या अधिकाऱ्याने मला सांगितले की, दाजूंच्या पासबुकाच्या प्लास्टिकच्या वेष्टणात एक जुना, घडीवर फाटत आलेला कागद आहे. तो सिलिगुडीच्या रक्ततपासणीचा अहवाल. काउंटरवर पासबुक देताना ते तो जपून काढून ठेवतात, आणि नोंद झाली की पुन्हा तेथेच सरकवतात.